क्रमांक १८ चा जुना कॉल

संपादकांनी २०३८ सालच्या तारखेच्या घोळावर लिहायला सांगितलं होतं. त्यासाठी लिनक्स कर्नलचा सोर्स कोड उघडला आणि ‘स्टॅट.सी’ नावाच्या फाइलीपाशीच रेंगाळलो.

तिचं काम साधं आहे. प्रोग्राम विचारतो: अमुक फाइल केवढी, मालक कोण, शेवटची कधी बदलली? कर्नल छापील अर्जासारख्या ठरलेल्या चौकटीत उत्तरं भरून देतो. सुरुवातीच्या चौकटीत फाइलीच्या आयनोड क्रमांकाला (डिस्कवरच्या ओळख-क्रमांकाला) १६ बिट होते, म्हणजे ६५,५३५ पर्यंतच जागा. डिस्क मोठ्या झाल्या, जागा पुरेना. पण चौकट रुंद करणं शक्य नव्हतं. जुन्या प्रोग्रामनं मेमरीत जेवढी जागा राखलीय, त्यापलीकडे कर्नलनं लिहिलं तर शेजारची माहिती पुसली जाते. म्हणून दरवेळी कर्नलला विचारण्याचा नवा मार्ग, म्हणजे नवा ‘कॉल’, काढला आणि जुना ठेवला. ३२ बिटांच्या इंटेल प्रोसेसरसाठीच्या कर्नलमध्ये मूळचा कॉल क्रमांक १८, त्यानंतरचा १०६, दोन जीबीहून मोठ्या फाइलींसाठी १९५ आणि २०१७ मध्ये आलेला ‘स्टॅटएक्स’ ३८३. चारही अजून यादीत आहेत.

मला मोह पडला तो १८ क्रमांकाचा. कुणी तो वापरला की कर्नल त्या प्रोग्रामचं नाव घेऊन लॉगमध्ये लिहितो: जुना कॉल वापरताय, पुन्हा कंपाइल करा. असं फक्त पाच वेळा. मग तो बोलणं सोडतो, काम सोडत नाही. आयनोड क्रमांक चौकटीत मावत नसेल तर तो कापून देत नाही, सरळ एरर देतो. खोट्या उत्तरापेक्षा नकार बरा, हे शहाणपण मला फार मोलाचं वाटतं.

जुने कॉल टिकतात त्यामागे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा कडक दंडक आहे: नव्या कर्नलमुळे चालता प्रोग्राम बंद पडला तर दोष कर्नलचा. एआरएम प्रोसेसरवर ‘सीपीयूइन्फो’ फाइलीतली बोगोमिप्सची (वेगाच्या ढोबळ आकड्याची) ओळ निरुपयोगी म्हणून काढली होती. काही प्रोग्राम ती वाचत होते, त्यामुळे २०१५ मध्ये ती परत आली.

या वचनाची किंमतही मोजावी लागते. फाइल उघडणारा ‘ओपन’ कॉल अनोळखी फ्लॅगकडे, म्हणजे फाइल कशी उघडायची ते सांगणाऱ्या खुणेकडे, काणाडोळा करतो. त्यामुळे नवा फ्लॅग जुन्या कर्नलला दिला तर तो मान्य झाला की दुर्लक्षिला गेला, हे प्रोग्रामला कळणारच नाही. २०१३ मध्ये तात्पुरत्या फाइलींसाठी फ्लॅग आणताना त्यात मुद्दाम डिरेक्टरीचा बिट मिसळला. डिरेक्टरी लिहिण्यासाठी उघडता येत नाही, म्हणून जुना कर्नल निदान एरर तरी देतो. अनोळखी फ्लॅग नाकारणारा ‘ओपनॅटटू’ यायला २०२० उजाडलं.

तरी अडचण राहिलीच. कंटेनरचे जुने सुरक्षा-फिल्टर नव्या कॉलला ‘असा कॉल नाही’ असं न सांगता ‘परवानगी नाही’ म्हणू लागले. लायब्ररी जुन्या कॉलकडे वळते ती पहिलं उत्तर मिळालं तरच. कर्नल शाबूत असूनही प्रोग्राम अडले.

आणि मूळचा २०३८ चा प्रश्न. १९ जानेवारीला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी ३२ बिटांतले सेकंद संपतात. ३२ बिटांच्या यंत्रांसाठी कर्नलनं २०१९ मध्येच ६४ बिटी वेळेचे कॉल दिले, पण त्यांचा उपयोग पुन्हा कंपाइल केलेल्या प्रोग्रामनाच. लिनक्सवर आधारलेल्या डेबियन १३ नं ३२ बिटी एआरएमवर वेळ ६४ बिटी केली. जुन्या इंटेलसाठीची आवृत्ती मात्र तशीच ठेवली, कारण सोर्स कोड हाताशी नसलेले जुने प्रोग्राम चालवणं हाच आता तिचा मुख्य उपयोग आहे.