जुन्या डिझेल पिकअपच्या इंजिनातील आवाज व त्यांची पारख

डहाणू रोड स्थानकाभोवतीची गावे, घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्या आणि तलासरीकडील पाडे यांतून निघणाऱ्या शेतमालाच्या वाहतुकीत लहान डिझेल पिकअप गाड्यांचा वाटा मोठा आहे. यांपैकी कित्येक गाड्या जुन्या असून एकाहून अधिक मालकांच्या हातांखालून गेलेल्या असतात. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला येथील चिकू झाडावरून उतरविल्यावर थोड्याच दिवसांत मऊ पडतो. त्यामुळे भरलेली गाडी वाटेत बंद पडल्यास दुरुस्तीच्या खर्चाबरोबर मालाचेही नुकसान सोसावे लागते.

सुदैवाने इंजिनातील बहुतेक बिघाड प्रथम आवाजावाटे आपली सूचना देतात. परंतु त्या सूचनेचा अर्थ लावताना दोन प्रकारच्या चुका होतात. कोणी किरकोळ आवाजास घाबरून सबंध इंजिन खोलावयास लावतो, तर कोणी ‘डिझेलची गाडी म्हटल्यावर आवाज यावयाचाच’ असे म्हणून गंभीर ठोक्याकडे दुर्लक्ष करतो. वस्तुतः कानास कर्कश वाटणारे पुष्कळसे आवाज थोड्या खर्चात दूर होतात आणि खोलवरचा, मंद ठोका मात्र इंजिनाचा घात करतो. यासाठी आवाजाची पारख क्रमाने कशी करावी, याची माहिती येथे दिली आहे.

डिझेल इंजिनाचा स्वाभाविक आवाज

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये घेतलेली हवा पिस्टन दाबून तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे अठराव्या-विसाव्या भागाइतकी करतो. या दाबाने हवा इतकी तापते की नोझलमधून उडालेले डिझेल आपोआप पेट घेते. मात्र डिझेल उडणे व ते पेटणे यांत अत्यल्प काळ जातो. त्या अवधीत साचलेले डिझेल एकदम पेटते व ‘खट्’ असा आवाज होतो. इंजिन थंड असताना हा अवधी वाढतो, म्हणून पहाटे गाडी चालू करताना खडखड अधिक ऐकू येते व इंजिन तापल्यावर ती कमी होते.

हा आवाज आपल्या शेतकऱ्यास नवा नाही. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे विहिरींवर व ओढ्याकाठी डिझेल इंजिने दिसू लागली. त्या इंजिनांचा ठेका चुकला की मालक झोपेतून जागा होई. पिकअपच्या इंजिनाचाही असाच ठरलेला ठेका असतो. गाडी सुस्थितीत असताना तो लक्षपूर्वक ऐकून ठेवावा, म्हणजे झालेला फरक लवकर ध्यानात येतो.

प्रथम ऑइल, नंतर चौकशी

वेगळा आवाज येताच दुसरे काही करण्यापूर्वी इंजिन बंद करावे. गाडी सपाट जागी उभी करून दहा मिनिटांनी ऑइल मोजण्याची पट्टी काढून पाहावी. ऑइलची पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. ऑइलला डिझेलचा वास येत असून ते पातळ झाले असेल, अथवा दुधाळ दिसत असेल, तर त्यात अनुक्रमे डिझेल किंवा पाणी मिसळले आहे असे समजावे. अशा वेळी, तसेच ऑइल प्रेशरचा दिवा विझत नसेल तर, पुढील कोणतीही परीक्षा करण्यासाठी इंजिन चालू करू नये.

ऑइल ठीक असल्यास पुढील चार प्रश्नांची उत्तरे मिळवावीत.

(१) आवाज थंड इंजिनात अधिक येतो की तापलेल्या?
(२) रेस दिल्यावर आवाजाचा ठेका वाढतो का?
(३) माल भरून चढ चढताना, उदाहरणार्थ कासा ते जव्हार या मार्गावर, तो वाढतो का?
(४) क्लच दाबला असता त्यात काही फरक पडतो का?

या उत्तरांवरून दोष कोणत्या भागात आहे, याचा बराचसा अंदाज येतो. जागा निश्चित करण्यासाठी लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर टेकवून त्याची मूठ कानाजवळच्या हाडास लावावी. आवाज जेथे सर्वांत स्पष्ट येतो, त्याच्या आसपास दोष असतो. हे करताना पंखा व पट्टा यांपासून अंतर ठेवावे आणि अंगावर उपरणे किंवा सैल कपडा ठेवू नये.

बाहेरील भागांचे आवाज

चूं-चूं किंवा घरघर असा आवाज पुष्कळदा पट्टा, पाण्याचा पंप अथवा अल्टरनेटर यांचा असतो. पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिट चालवावे. आवाज थांबला तर दोष या भागांतच आहे. पट्ट्याविना इंजिनाला पाण्याचे थंडावण मिळत नाही, म्हणून परीक्षा लांबवू नये. शिवाय अनेक गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरला जोडलेला असतो. पट्टा नसताना अशी गाडी चालविल्यास ब्रेक जड होऊन अपघात घडेल.

क्लच दाबताच आवाज सुरू होत असेल, तर क्लचचे थ्रस्ट बेअरिंग तपासावे. उलट क्लच दाबल्यावर आवाज थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या पुढील बेअरिंगचा संशय घ्यावा. दोन्ही प्रसंगी इंजिन खोलण्याचे कारण नाही.

थंड इंजिनात येणारी व धातू तापून प्रसरण पावल्यावर कमी होणारी टक्‌टक् कधीकधी एक्झॉस्टच्या सांध्यातून वायू निसटल्यामुळे होते. सांध्याजवळ काजळीचे काळे पट्टे दिसल्यास खात्री पटते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत सायलेन्सरचा पत्रा व बोल्ट लवकर गंजतात, हेही ध्यानात असावे.

टॅपेटचा आवाज

इंजिनाच्या वरच्या झाकणाखालून येणारी हलकी, एकसारखी टक्‌टक् बहुधा टॅपेटची असते. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो, म्हणून हा ठेका इंजिनाच्या वेगाच्या निम्मा असतो. कंपनीने दिलेल्या मापाप्रमाणे फीलर गेजने फट लावून घेतल्यास तो दूर होतो. आवाज अजिबात येऊ नये म्हणून फट मापाहून कमी करणे मात्र अनिष्ट होय. फट कमी पडल्यास व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, तो जळतो व इंजिनाची शक्ती घटते. किंचित वाजणारा टॅपेट, मुका परंतु आवळलेल्या टॅपेटपेक्षा बरा.

नोझलचा ठोका

एका सिलिंडरमधून येणारा, हातोडीने लोखंडावर मारल्यासारखा तीक्ष्ण ठोका आणि सोबत काळा धूर, ही बिघडलेल्या नोझलची लक्षणे आहेत. नोझल डिझेल बारीक तुषारांत न उडविता धारेने सोडू लागते व ते अवेळी पेटते. हा आवाज ऐकून मालकास इंजिन गेले असे वाटते, पण नोझल तपासून दुरुस्त करणे किंवा बदलणे हे तुलनेने लहान काम आहे.

जुन्या पद्धतीच्या यांत्रिक डिझेल पंपाच्या इंजिनात मिस्त्री याची परीक्षा पुढीलप्रमाणे करतो. इंजिन मंद वेगावर ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करावा, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये डिझेल जात नाही. नट सैल करताच ठोका थांबला, तर दोष त्या सिलिंडरमध्ये आहे. नट सैल करूनही इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीच काम करीत नव्हता असे समजावे.

येथे घाई करू नये. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोकाही या परीक्षेत कमी होतो. म्हणून संशयित नोझल काढून दुसऱ्या सिलिंडरमध्ये बसवावे. ठोका नोझलबरोबर दुसरीकडे गेला, तर दोष नोझलचा. तो जागच्या जागी राहिला, तर दोष त्या सिलिंडरमधील पिस्टन अथवा बेअरिंगचा.

या कामी डोळ्यांवर चष्मा घालावा व डिझेलच्या धारेसमोर हात कदापि धरू नये. दाबाखालील बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम क्षुल्लक दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे. ज्या गाड्यांत सर्व नोझलना एकाच सामाईक नळीतून डिझेल मिळते, त्या कॉमन रेल इंजिनांवर ही परीक्षा मुळीच करू नये. त्यांतील दाब कितीतरी पटींनी अधिक असतो.

थांबण्याची सूचना देणारा ठोका

इंजिनाच्या खालच्या भागातून येणारा, लाकडावर घण मारल्यासारखा खोल ठोका सर्वांत गंभीर होय. झिजलेला पिस्टन थंड इंजिनात अधिक वाजतो व इंजिन तापल्यावर शांत होतो. अशी गाडी काही काळ जपून चालविता येते. बेअरिंगचे याच्या उलट आहे. इंजिन तापून ऑइल पातळ झाले की बेअरिंगचा ठोका वाढतो, आणि भार पडताच अधिक स्पष्ट होतो. त्याच्या जोडीला ऑइल प्रेशरचा दिवा लागला, तर शंकेस जागा उरत नाही.

अशा वेळी गाडी ‘हळूहळू’ गावापर्यंत नेण्याचा मोह टाळावा. वेळीच थांबल्यास बहुधा बेअरिंग बदलून काम भागते. तशीच चालविल्यास क्रँक खरवडला जातो, तो घासून घ्यावा लागतो. आणि रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला, तर इंजिनच निकामी होते. माल दुसऱ्या गाडीत भरावा व आपली गाडी टोचन लावून न्यावी. दुसऱ्या गाडीचे भाडे नव्या इंजिनाहून निश्चितच स्वस्त पडते.

पावसाळ्यातील विशेष दक्षता

या भागात पाऊस मोठा असून ओढे व सखल रस्ते एकाएकी भरतात. पाण्यातून जाताना इंजिन बंद पडल्यास सेल्फ मारू नये. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरले असेल, तर हवेप्रमाणे ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढावी, फिल्टर ओला आहे का ते पाहावे व नोझल काढून पाणी निघेपर्यंत ती चालू करू नये. डिझेल फिल्टरखालील पाणी या दिवसांत वारंवार सोडावे. डिझेलमध्ये पाणी किंवा हवा आल्यास इंजिन अडखळते व पंप झिजतो.

मिस्त्रीस काय सांगावे

‘गाडी आवाज करते’ एवढेच सांगितल्याने मिस्त्रीस मदत होत नाही. आवाज केव्हा सुरू झाला, थंड की गरम इंजिनात येतो, भाराने वाढतो का, धूर कोणत्या रंगाचा आहे, ऑइल केव्हा बदलले, या गोष्टी एका वहीत नोंदवून त्याच्यासमोर ठेवाव्यात. इंजिन खोलण्यास संमती देण्यापूर्वी पट्टा, क्लच, टॅपेट व नोझल यांची परीक्षा झाली आहे याची खात्री करून घ्यावी. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी चिकूच्या तोडीपूर्वी आपल्या गावातील गाडीमालकांस व चालकांस एकत्र जमवून एखाद्या अनुभवी मिस्त्रीकडून या परीक्षांचे प्रात्यक्षिक घडवून आणल्यास, ऐन हंगामात वाटेत खोळंबणाऱ्या गाड्यांची संख्या खात्रीने कमी होईल.