व्यसनमुक्ती आणि खिशातील ॲप

सप्तव्यसनांचा त्याग हा श्रावकाचाराचा प्रारंभ मानला जातो. म्हणून आपल्या समाजात मद्याचा प्रश्न नाहीच, असे धरून चालण्याची आपली रीत आहे. ही समजूत सुखद असली तरी सर्वस्वी खरी नाही, हे प्रत्येक पेठेतील जाणत्या मंडळींस ठाऊक आहे. ज्या घरी हे दुःख शिरते, तेथे त्याहूनही मोठे भय अब्रूचे असते. मुलगा प्रकृतीसाठी बाहेरगावी गेला आहे असे सांगितले जाते. उपचार घेऊन तो परततो, पुन्हा गादीवर बसू लागतो, आणि घरातील सर्वजण एक शब्दही न बोलता त्याच्याकडे पाहत राहतात. खरा कठीण काळ तेथून सुरू होतो. या काळात मोबाईलवरील ॲप काय साधू शकते आणि काय नाही, हे सभासदबंधूंपुढे मांडण्याचा आमचा हेतू आहे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डेव्हिड गुस्टाफसन व त्यांचे सहकारी यांनी 'ए-चेस' नावाचे ॲप सिद्ध केले. निवासी उपचार संपवून घरी निघालेल्या ३४९ मद्यासक्त रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटास नेहमीची व्यवस्था, दुसऱ्यास तीच व्यवस्था आणि शिवाय हे ॲप असलेला फोन, तोही आठ महिने. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, मागील ३० दिवसांत धोकादायक मद्यपान झालेले दिवस ॲपवाल्या गटात सरासरी १.३९, तर दुसऱ्या गटात २.७५ भरले.

हे घडले कसे? रुग्णाने आपल्या धोक्याच्या जागा आधीच नोंदवून ठेवावयाच्या. पुढे एखाद्या सायंकाळी पावले जुन्या गुत्त्याकडे वळू लागली की फोन ते स्थान ओळखतो आणि येथे येण्याची आपली खरोखर इच्छा आहे काय, असे विचारतो. प्रश्न साधा, पण नेमक्या क्षणी विचारलेला. शिवाय दर आठवड्यास काही प्रश्न असत: झोप, मनःस्थिती, प्यावेसे वाटणे इत्यादी, उत्तरे चिंताजनक असल्यास समुपदेशकास सूचना जाई. ज्यांस प्रतिक्रमणाचा परिपाठ आहे त्यांना, किंवा रोजकीर्द रोज लिहिणाऱ्या मुनीमजींना, यातील मर्म निराळे सांगावयास नको. वर्षअखेरीस एकदम हिशेब करावयास बसले म्हणजे चूक कोठे झाली ते सापडत नाही. आणि अगदीच मन आवरेनासे झाले, तर संकटाची एक कळ होती. ती दाबताच आधी ठरविलेल्या व्यक्तींस निरोप पोहोचे.

म्हणजे यंत्राच्या पलीकडे माणूस होता. आमच्या मते सारे यश याच गोष्टीवर अवलंबून आहे. नुसते मद्यरहित दिवस मोजणारी ॲपे पुष्कळ आहेत; ती निरुपयोगी नव्हेत, परंतु एकदा तोल गेला की आकडा शून्यावर येतो आणि लज्जित मनुष्य फोनच उघडीत नाही.

व्यापाऱ्यांनी ध्यानी घेण्याजोगी दुसरी एक हकीकत आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'रीसेट' या ॲपास मान्यता दिली. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीने, बाह्यरुग्ण उपचारांच्या जोडीने १२ आठवडे वापरावयाचे. चाचणीत ते वापरणाऱ्यांपैकी ४०.३ टक्के, तर इतरांपैकी १७.६ टक्के लोक व्यसनापासून दूर राहिले. गुण होता, तरी विमा कंपन्यांकडून पुरेसा मोबदला मिळेना. निर्मात्या कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

अब्रूच्या भयाने ज्यांना फोनच बरा वाटतो, त्यांनी तर अधिकच सावध असावे. ऑनलाईन मद्यमुक्ती उपचार देणाऱ्या 'मॉन्युमेंट' कंपनीने गुप्ततेची हमी देऊन ग्राहकांची माहिती जाहिरातदार कंपन्यांकडे पोहोचविली, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये कारवाई केली. जी गोष्ट शेजाऱ्यापासून लपविली, ती जाहिरातदारांच्या वहीत गेली! ॲप घेताना ते फोनमधील कोणकोणत्या गोष्टी पाहण्याची अनुमती मागते, हे एखाद्या जाणत्या तरुणाकडून वाचून घ्यावे.

आपल्या देशात तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०१६ साली मोबाईलवर संदेश पाठविण्याची योजना सुरू केली. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून 'टेली-मानस'चा १४४१६. पुण्याचे मुक्तांगण केंद्र १९८६ पासून हेच कार्य करीत आहे.

एक धोका मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. जो रोज भरपूर मद्य घेतो, त्याने ॲपच्या भरवशावर ते एकाएकी थांबवू नये. आकडी येणे, भ्रम होणे असे प्राणघातक परिणाम संभवतात. आरंभ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवा.

त्यानंतर फोन हाती द्यावा. त्यात संकटसमयी बोलावयाच्या व्यक्तीचे नाव घालावे लागते. ते वडिलांचे असावे, थोरल्या भावाचे की पेढीवरील एखाद्या विश्वासू गुमास्त्याचे, हे ज्याचे त्यालाच ठरवू द्यावे. आणि ज्याचे नाव घातले गेले, त्याने रात्री आपला फोन बंद करून निजू नये.