हिवाळ्यातील चारा वाहतूक : बैलगाडी ठेवावी की ट्रॅक्टर घ्यावा?

दिवाळी झाली की पश्चिम महाराष्ट्राच्या बागायत पट्ट्यात वैरणीची घडी बदलते. बांधावरचे गवत वाळते, उसाचा गळीत हंगाम सुरू होऊन वाढे मिळू लागते, लसूणघास व मक्याच्या कापण्या चालू होतात. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बी ज्वारीचा कडबा घरी आणावा लागतो. हा सर्व चारा शिवारातून गोठ्यापर्यंत कशाने आणावा, हा प्रश्न बैलजोडी विकण्याच्या किंवा ट्रॅक्टरसाठी कर्ज काढण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येक दूध उत्पादकापुढे येतो. बैल फुकटात राबतो, असे काहींना वाटते. ट्रॅक्टर आला की चाऱ्याची कटकट मिटली, असे इतरांना वाटते. हिशेब मांडला तर दोन्ही समजुती टिकत नाहीत.

रोजचे ओझे आधी मोजा

सुमारे ४०० किलो वजनाच्या दुभत्या संकरित गाईला दिवसाला साधारणपणे २० ते २५ किलो हिरवा आणि ५ ते ६ किलो वाळलेला चारा लागतो. सहा गाई असतील तर हिरवा चारा सव्वाशे ते दीडशे किलो होतो. टायरची बैलगाडी चांगल्या वाटेवर एक टन माल सहज आणते. म्हणजे सहा गाईंचा रोजचा हिरवा चारा हे गाडीच्या क्षमतेच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढेच ओझे आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन-चार टन माल जातो. तीत दीडशे किलो घास टाकून आणणे म्हणजे त्या दीडशे किलोसाठी पावणेदोन टनांचा ट्रॅक्टर आणि वर रिकाम्या ट्रॉलीचे वजन रोज हलविणे होय. डिझेलचा खर्च चाऱ्यापेक्षा या लोखंडावरच अधिक होतो.

मग आठवड्याचा चारा एकदम आणला तर? तसे करता येत नाही. कापलेला हिरवा चारा ढीग करून ठेवला की तापतो, पिवळा पडतो आणि जनावरे तो नाकारतात. लसूणघासाची पाने गळून नुसत्या काड्या उरतात. त्यामुळे फेरी रोजचीच, आणि ओझे लहानच. मुरघास करणाऱ्यांचे गणित मात्र वेगळे आहे. तेथे सगळा मका दोन दिवसांत कापून, कुट्टी करून खड्ड्यात दाबायचा असतो. ते काम ट्रॅक्टरचेच.

दुसरी बाब मनुष्यबळाची. घासाच्या वाफ्याकडेने गाडी पुढे घ्यायची असेल तर बैल हाकेवर चार पावले चालतात आणि हाकेवर थांबतात. एकटा माणूस पेंढ्या उचलून गाडीत टाकत जातो. ट्रॅक्टर असेल तर एक जण खाली व एक जण चालकाच्या जागी हवा, नाहीतर दर वीस पावलांना चढ-उतार करावी लागते. कॅनडातील व अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील काही पशुपालक बर्फावर गाईंना गवत टाकण्यासाठी आजही घोड्यांची जोडी वापरतात. कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठण्याची भीती हे त्याचे एक कारण. पण घोडे हाकेवर पुढे सरकतात आणि माणूस मागे गवत टाकीत राहतो, हे दुसरे कारण तितकेच मोठे आहे. आपल्याकडे डिझेल गोठत नाही, परंतु दुसरे कारण इथेही जसेच्या तसे लागू पडते. शिवाय पाणी दिलेल्या काळ्या रानात ट्रॅक्टरचे चाक रुतते, वाफे मोडतात आणि जमीन दबते.

बैलाचे न दिसणारे बिल

आता दुसरी बाजू पाहू. खिलार जातीच्या साडेचारशे किलोच्या बैलाला दिवसाला १० ते १२ किलो वाळला चारा लागतो. जोडीचा वर्षाचा चारा सव्वासात ते पावणेनऊ टन होतो. हिरवा चारा वाळल्याच्या हिशेबात धरला तर तो जवळजवळ दोन दुभत्या गाईंच्या वैरणीइतका आहे. बैल बसून असला तरी खातो. जोडी वर्षात किती दिवस जुंपली जाते, हे आपल्याच वहीत महिनाभर टिपून पाहा. नांगरट, कुळवणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होत असेल, पेरणी व कोळपणीपुरतेच बैल लागत असतील, तर केवळ चारा ओढण्यासाठी जोडी पोसणे म्हणजे दोन गाईंचे दूध सोडून देणे होय. कडबा विकत घेणाऱ्याने तर हा हिशेब आधी करावा. शेणखत मिळते हे खरे, पण गाईपासूनही ते मिळतेच.

अंतराचाही विचार करावा. भरलेल्या गाडीचा वेग ताशी तीन किलोमीटरच्या आसपास असतो. रान एक किलोमीटरवर असेल तर वीस मिनिटे जायला, वीस यायला. ते तीन किलोमीटरवर असेल तर रोजचे दोन तास नुसते वाटेत जातात, आणि बैलगाडीची बाजू लंगडी पडते.

ट्रॅक्टरचे तास

ट्रॅक्टर रिकामा उभा असला तरी हप्ता, व्याज व विमा चालूच राहतात. तो स्वतःच्या पायावर उभा राहण्यासाठी वर्षाला सुमारे १,००० तास काम मिळावे, असे मानले जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज एक तास चाऱ्यासाठी धरला तर १२० तास होतात. उरलेले ८८० तास कोठून येणार, याचे उत्तर कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी मिळाले पाहिजे. उसाची वाहतूक, भाड्याची नांगरट किंवा मळणी हाती नसेल तर ते मिळत नाही. अशा वेळी दुधाचा पगार गाईच्या खुराकाऐवजी हप्त्याकडे वळतो, आणि खुराक कमी झाला की दूधही घटते.

म्हणून आमचा सल्ला असा. घरी शेतकामाला जोडी आहेच आणि रान दोन किलोमीटरच्या आत आहे, तर दहा-बारा गाईंपर्यंत रोजचा चारा गाडीनेच आणावा. जोडीला दुसरे पुरेसे काम नसेल तर एकाच बैलाचा हलका छकडा ठेवावा. शेजाऱ्याबरोबर वारंगुळ्याने एकेक बैल ठेवला तर चाऱ्याचा निम्मा भार वाचतो आणि पेरणीला जोडीही मिळते. दोन-तीन गाईंचा चारा मोटरसायकलवरून येतो, त्यासाठी दोन्हींची गरज नाही. गाई वीसच्या वर असतील किंवा रान लांब असेल, तर ट्रॅक्टरचा विचार जरूर करावा, पण त्याच्या इतर कामांचे तास आधी मोजून.

कडबा मात्र बैलगाडीने ओढत बसू नये. तो हलका व जागा खाणारा असतो, फेऱ्या फार होतात, आणि मार्चमध्ये अवकाळी पावसाची भीती असते. भाड्याचा ट्रॅक्टर एक-दोन दिवस लावून गंजी रचून मोकळे व्हावे.

वाढ्याबाबत एक सूचना. त्यात ऑक्झलेट असल्याने जनावराच्या अंगातील कॅल्शियम बांधले जाते. नुसत्या वाढ्यावर हिवाळा काढू नये. कुट्टी करून लसूणघासाबरोबर द्यावे व रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण खुराकातून द्यावे.

जोडी ठेवणार असाल तर जू गुळगुळीत आहे ना, हे हंगामापूर्वी पाहावे. खडबडीत जुवाने आणि जादा ओझ्याने खांदेसूज येते. सूज दिसताच बैल जुंपणे थांबवून पशुवैद्यकाला दाखवावे. दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त जनावर राबविणे १९६५ च्या नियमांनुसार मना आहे. गाडी असो वा ट्रॉली, हिवाळ्यात लवकर अंधारते, तेव्हा मागे लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ती डांबरी रस्त्यावर आणू नये.