ओठांवर टाके असताना जेवण

ओठ भरीव करणे, जाड ओठ बारीक करणे, नाक आणि वरचा ओठ यांच्यातले अंतर कमी करणे अशा सौंदर्यशस्त्रक्रिया बहुतेक वेळा जागेपुरती भूल देऊन होतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी परततो. कोथरूडमध्ये कर्वे रस्ता आणि पौड रस्त्याच्या आसपास त्वचा आणि सौंदर्योपचारांच्या दवाखान्यांच्या पाट्या आता सहज दिसतात. तिथून बाहेर पडणाऱ्याच्या हातातल्या कागदावर गोळ्या आणि मलमांची नावे असतात. जेवणाविषयी बहुधा ‘मऊ आहार’ एवढेच. घरी ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला तेवढ्याने भागत नाही. मऊ म्हणजे किती मऊ, चहा चालेल का, दह्याने टाके पिकतील का, आणि मुळात ओठ उघडतच नसेल तर घास आत कसा जायचा, हे प्रश्न पहिल्याच संध्याकाळी उभे राहतात.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी वैद्याकडून घरच्या माणसांकडे आली, हा बदल तसा अलीकडचा. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात पुण्याचे नाव दोनशेहून अधिक वर्षांपासून आहे. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर 1794च्या अंकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचे वर्णन छापून आले. इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचे नाक कापले गेले. विटा-कौले करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक बसवले. त्या वर्णनात पुढची शुश्रूषाही आहे: काताचा लेप लावलेल्या पट्ट्या, त्यानंतर तुपात भिजवलेली फडकी आणि पाच-सहा दिवस उताणे पडून राहणे. सुश्रुतसंहितेतही कान आणि नाक यांच्याबरोबर ओठ सांधण्याचा उल्लेख येतो. आज मात्र रुग्ण पाच दिवस कोणाच्या नजरेखाली पडून राहत नाही. तो रिक्षाने घरी येतो आणि आठ वाजता त्याला भूक लागते.

ओठ शिवलेला असताना जेवण अवघड का होते, हे ओठाच्या रचनेत आहे. तोंडाभोवती कड्यासारखा फिरणारा एक स्नायू असतो. घास आत घेणे, तो सांडू न देणे, घोट ओढणे, फुंकर मारणे, ‘प’ आणि ‘म’ उच्चारणे ही सगळी कामे त्याची. मोडलेला हात गळ्यात अडकवून ठेवता येतो. ओठाला तशी सुट्टी देता येत नाही, प्रत्येक घासाला तो टाक्यांसकट हलतो. ओठांना रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यामुळे ओठ भराभर सुजतात आणि भरूनही लवकर येतात. सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, आठवडाभरात बरीचशी ओसरते, आणि खरा आकार दिसायला त्यापुढे काही आठवडे जातात. ओठांच्या लाल भागाची त्वचा पातळ असते, तिथे घामाच्या ग्रंथी नसतात. म्हणून तो भाग चटकन कोरडा पडतो, आणि तिखट-आंबट सर्वांत आधी तिथे झोंबते.

पहिले काही तास सर्वांत जपण्याचे. भुलेचा अंमल दोन ते चार तास, कधी त्याहून जास्त राहतो. तेवढ्या वेळात वाफाळता चहा ओठांना लागला तरी कळत नाही, आणि बधिर ओठ दाताखाली येऊन रक्त आले तरी आरशात पाहीपर्यंत पत्ता लागत नाही. वरच्या ओठाची संवेदना डोळ्याच्या खोबणीखालून येणाऱ्या नसेकडे असते आणि खालच्याची हनुवटीजवळच्या नसेकडे; काही शस्त्रक्रियांनंतर हा बधिरपणा भूल उतरल्यावरही थोडाफार टिकतो. इथे हाताने जेवण्याची सवय फार उपयोगी पडते. भात कालवताना बोटांना ऊन लागला, तर तो ओठांसाठी जास्तच गरम आहे, हे घास उचलण्याआधीच कळते. चमचा ही सूचना देत नाही. म्हणून पहिल्या संध्याकाळी चमचाच वापरायचा असेल, तर प्रत्येक वाटीत आधी स्वच्छ धुतलेले बोट बुडवून पाहावे. भूल पूर्ण उतरेपर्यंत चावण्यासारखे काहीही देऊ नये. गार दूध, ताक किंवा पाणी घोट-घोट पुरे.

दुसरी गोष्ट ओढण्याची. ‘पातळच प्यायचे आहे ना’ म्हणून घरातले कोणीतरी हमखास स्ट्रॉ आणून देते, आणि बहुतेक शल्यचिकित्सक नेमकी तीच नको म्हणतात. स्ट्रॉने पिताना ओठांचा चंबू करावा लागतो, तो कडेवजा स्नायू घट्ट आवळला जातो आणि टाक्यांवर ताण येतो. बशीतल्या चहाचेही तसेच. बशीत ओतला की चहा लवकर निवतो, हा भाग उत्तम. पण पुढचा फुरका म्हणजे पुन्हा ओढणेच. तेव्हा चहा बशीत ओतून कोमट होऊ द्यावा आणि मग लहान चमच्याने तोंडात सोडावा. अमृततुल्याच्या दारातला उकळता कटिंग आठवडाभर तरी विसरावा. मे महिन्यात आणखी एक मोह असतो. रायवळ आंबा चोखून खाण्यात ओठ ओढले जातात, शिवाय सालीतला चीक ओठांना लागून पुरळ उठू शकतो. आमरस मात्र वाटीतून चमच्याने खुशाल खावा.

घास आत न्यायला लहान बाळाचा चपटा, गोल कडेचा चमचा सर्वांत सोयीचा. स्टीलच्या मोठ्या चमच्याची कड टाक्यांवर घासते. चमचा जिभेवर टेकवून अन्न तिथे सोडावे आणि तो सरळ बाहेर घ्यावा. ओठांनी पुसून घेऊ नये. ही लकब अंगवळणी पडायला एक-दोन जेवणे जातात. घरात जुने बोंडले असेल तर त्याच्या चोचीतून दूध किंवा पेज थेट जिभेवर सोडता येते. भांडे उंच धरून वरून पाणी पिण्याची सवय असलेल्यांनी पहिले दोन दिवस तो मार्ग टाळावा; ठसका लागला तर खोकताना ओठ ताणला जातो.

स्वयंपाकघरात वेगळे काही आणावे लागत नाही, आणि हेच या विषयातले सर्वांत दिलासा देणारे आहे. आजाऱ्यासाठी, बाळंतिणीसाठी, दात पडलेल्या आजोबांसाठी मराठी घरांत जे शिजत आले आहे, त्यातले बहुतेक सगळे शिवलेल्या ओठाला चालते. पहिल्या दोन दिवसांत भाताची पेज, मुगाचे गाळलेले कढण, नाचणीचे सत्त्व, दुधी भोपळ्याचे सूप, ताक. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून गुरगुट्या भात आणि तूप, सालीशिवायच्या मुगाच्या डाळीची सैल खिचडी, घोटलेले साधे वरण, शिकरण, साबुदाण्याची पातळ खीर, दुधात कुस्करून मुरवलेली पोळी. अंडे खाणाऱ्यांना मऊ शिजवलेले अंडे. गुरगुट्या भात नेहमीच्या भातासारखा करून मग कुस्करला तर गोळे राहतात. तांदूळ धुऊन थोडा वेळ भिजवावेत, चौपट-पाचपट पाणी घालून शिजवावेत आणि गरम असतानाच पळीच्या पाठीने घोटावेत, म्हणजे शीत वेगळे राहत नाही. भाजीसाठी पुरणयंत्र माळ्यावरून खाली काढावे. उकडलेला लाल भोपळा, बटाटा, गाजर त्यातून फिरवले की चावण्याचे काम उरत नाही, आणि मिक्सरमध्ये होतो तसा चिकट लगदाही होत नाही.

फोडणीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. मोहरीचा एक दाणा टाक्याच्या गाठीत अडकला, तर तो काढताना होणारा त्रास दाण्याच्या मानाने फार मोठा असतो. जिरे, तीळ, खसखस, कढीपत्त्याचा तुकडा, पेरूची बी, शेंगदाण्याचे कूट हे सारे त्याच प्रकारातले. वरणाला फोडणी हवीच असेल तर तुपात हिंग-जिरे तडतडू द्यावे आणि ते तूप गाळणीतून वरणात सोडावे. वास येतो, दाणा येत नाही.

मिरची, ठेचा, मिसळीची तर्री, लोणचे, लिंबू, चिंच, टोमॅटोचे सार, अननस हे सगळे कच्च्या जखमेला झोंबते. दहा-बारा दिवस त्यांना ताटाबाहेर ठेवावे. मिठाचा मुद्दा वेगळा आहे. पापड, फरसाण, तयार सूपची पाकिटे यांतल्या जास्तीच्या मिठाने शरीरात पाणी साठते, आणि सकाळी उठल्यावर ओठ आदल्या रात्रीपेक्षा जड वाटू शकतात. एकटे राहणारे बरेच जण पोळी-भाजी केंद्रातून डबा आणतात. त्यांनी शस्त्रक्रियेच्या आधीच आठ दिवस वरण आणि भात बिनतिखट, कमी मिठाचे मिळतील का, हे विचारून ठेवावे. भूल उतरल्यानंतरच्या रात्री ही शोधाशोध होत नाही.

दही, आंबट किंवा भात खाल्ल्याने ‘टाके पिकतात’ ही समजूत पुण्यात आजही घराघरांत आहे. तिला वैद्यकीय आधार नाही. टाके पिकतात ते जंतुसंसर्गाने, अस्वच्छतेने किंवा आटोक्यात नसलेल्या मधुमेहाने. आंबट दही ओठांना झोंबते, एवढेच त्याचे खरे. गोडसर, ताजे दही उत्तम अन्न आहे. या समजुतीपोटी दही, डाळ, अंडे बंद करून रुग्णाला नुसत्या साबुदाण्यावर आणि सरबतावर ठेवले जाते, आणि त्यात खरे नुकसान आहे. जखम भरायला प्रथिने लागतात. भारतीय आहारमानकांप्रमाणे निरोगी प्रौढाला रोज दर किलो वजनामागे सुमारे 0.8 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास. जखम भरताना त्यात कमी पडू देऊ नये. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तेवढीच, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. पेजेत थोडी दूधपावडर किंवा कढणात किसून कुस्करलेले पनीर मिसळले तर घास न वाढवता भर पडते. हळदीचे दूध कोमट प्यायला हरकत नाही. हळद टाक्यांवर लावू मात्र नये.

प्रत्येक खाण्यानंतर तोंड स्वच्छ करणे हा जेवणाचाच भाग समजावा. कोमट मिठाचे पाणी तोंडात घेऊन, गाल न फुगवता, मान हलवून फिरवावे आणि जोराने न थुंकता हलकेच बाहेर सोडावे. दातांसाठी लहान मुलांचा मऊ ब्रश घ्यावा. बाहेरच्या टाक्यांवर सांडलेले अन्न ओल्या निर्जंतुक कापसाने टिपावे, घासू नये. मग सांगितलेले मलम लावावे. जिभेने ओठ चाटत राहिले की ते अधिकच सुकतात. ओठ दुमडून आतले टाके दिवसातून चारदा पाहण्याची इच्छा होते. ती आवरावी.

तंबाखू या यादीत मोडत नाही, कारण तिथे सवलत नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला पुरेसे रक्त मिळत नाही. सिगारेट ओढताना ओठही आवळले जातात. मशेरी महाराष्ट्रात अनेक बायका लावतात, ती थेट जखमेपाशीच जाते, आणि शल्यचिकित्सकाने ‘सिगारेट ओढता का’ असे विचारले तर या बायका खरेपणाने ‘नाही’ म्हणतात. मशेरी, गुटखा, तपकीर यांचे नाव घेऊन विचारले आणि सांगितले गेले पाहिजे. दारूने सूज आणि रक्तस्राव वाढू शकतो. तीही ओठ भरून येईपर्यंत नको.

बाहेरचे टाके साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात, आतले बहुधा आपोआप विरघळतात. टाके निघाल्यावर मऊ पोळी-भाजी, इडली, दडपून मऊ केलेले पोहे लहान घासांनी सुरू करता येतात. तोंड मोठे उघडावे लागते असा वडापाव, दाताने ओढून तोडावी लागणारी भाकरी, मक्याचे कणीस, भाकरवडी आणि चकली यांना साधारण तीन आठवडे थांबावे. नेमका दिवस शल्यचिकित्सकाने ठरवावा. म्हणून घरात लग्न ठरले असेल तर शस्त्रक्रिया त्याच्या पुष्कळ आधी करावी. सुजलेल्या ओठांनी फोटो काढता येतील. पंगतीत जेवता येणार नाही.

टोचून भरायच्या हायल्युरोनिक आम्लाच्या फिलरला टाके नसतात, त्यामुळे पथ्यही दोन-तीन दिवसांचेच. पण त्यातला एक धोका ओळखता आला पाहिजे: टोचल्यानंतर ओठ किंवा आसपासची त्वचा पांढरी फटक अथवा जाळीदार निळसर पडली आणि दुखणे वाढत गेले, तर रक्तवाहिनी बंद झालेली असू शकते. त्यावर उलट इंजेक्शन असते आणि ते तातडीने द्यावे लागते. शस्त्रक्रियेच्या रुग्णांनी स्वच्छ कापडाने पंधरा मिनिटे दाबूनही न थांबणारे रक्त, चौथ्या दिवसानंतर उतरायच्या ऐवजी वाढणारी सूज, पू, ताप किंवा ओठांवर उठणारे पाणीदार फोड यांकडे लक्ष ठेवावे. पूर्वी ओठांवर असे फोड, म्हणजे ‘जर’, उठत असतील तर ते शस्त्रक्रियेआधीच सांगावे, म्हणजे प्रतिबंधक गोळी देता येते. वरच्या लक्षणांपैकी काहीही दिसले तर घरगुती लेप लावत बसू नये, सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री डॉक्टरांना फोन करावा.