घरची शुश्रूषा अर्जात कशी मांडावी?

सप्टेंबर उजाडला की मंडळातल्या मुलामुलींचे विद्यापीठाचे अर्ज माझ्याकडे वाचायला येऊ लागतात. कुणाला डॉक्टर व्हायचे असते, कुणाला नर्सिंग किंवा फिजिओथेरपी करायची असते. या अर्जांत एक गोष्ट वारंवार आढळते. जिने दोन वर्षे आजीची औषधे, पथ्यपाणी आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या सांभाळल्या, ती त्याविषयी जेमतेम एक ओळ लिहिते. आणि ओळखीच्या डॉक्टरकाकांच्या मागे चार दिवस उभे राहिल्याचे वर्णन मात्र ऐसपैस असते. विचारले तर उत्तर ठरलेले, "मावशी, ते तर घरचंच. त्यात काय लिहायचं?" आईवडीलही दुजोरा देतात. घरातले आजारपण परक्यांना कशाला सांगायचे, हा आपला जुना संकोच.

हा संकोच मुलांना महागात पडतो. येथील वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना, मेडिकल स्कूल्स कौन्सिल, हिचे मार्गदर्शन वाचावे. अनुभव हॉस्पिटलातलाच हवा असा तिचा आग्रह नाही. माणसांची काळजी घेण्याच्या कामातून उमेदवाराला काय समजले, याला ती महत्त्व देते. नर्सिंगच्या मुलाखतींतही करुणा, रुग्णाचा मान राखणे, मिळून काम करणे ही एन.एच.एस.ची मूल्ये उमेदवारात दिसतात का, हे पाहिले जाते.

खरी अडचण लिहिण्यात आहे. "माझे आजीवर फार प्रेम आहे, तिच्या आजारपणामुळे मला डॉक्टर व्हावेसे वाटले" हे वाक्य खरे असले तरी वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. प्रेम सगळ्यांचेच असते. एका मुलीचे उदाहरण देते. तिची आजी सारखी म्हणे, "कसंतरी होतंय." आता या दोन शब्दांचे इंग्रजी करून दाखवा! मळमळ, चक्कर, धडधड, अशक्तपणा, काहीही असू शकते. मुलीने आठवडाभर वहीत टिपले: केव्हा होते, बसल्यावर की उठल्यावर, गोळीच्या आधी की नंतर. सकाळी पलंगावरून उठताना होते, असे ध्यानात आले. ती वही तिने सर्जरीतल्या नर्सला दाखवली. नर्सने आजीचे ब्लडप्रेशर आधी झोपवून आणि मग उभे करून मोजले, तर उभे राहिल्यावर ते बरेच उतरत होते. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या.

आणि अर्जात काय? "आजीला मदत केली." बस्स! आम्ही वहीची हकिगत पाच ओळींत बसवली. सहावी ओळ तिने स्वतः घातली: निदान करणे आपले काम नव्हते, पण नर्सला नेमके काय सांगितले तर उपयोग होतो हे त्या आठवड्यात कळले. मला ती ओळ सर्वांत आवडली. घरी औषधे देणारी काही मुले स्वतःला अर्धे डॉक्टर समजून लिहितात. आपली मर्यादा ओळखणारा उमेदवार अधिक भरवशाचा वाटतो.

दुभाष्याच्या कामाचेही तसेच. "आजीसाठी मी भाषांतर करतो" असे मुले अभिमानाने लिहितात. पण एन.एच.एस.चा दंडक असा की रुग्णाला प्रशिक्षित दुभाष्या मोफत मिळावा, हे ओझे घरच्या मुलांवर पडू नये. मुलाखतीत कुणी यावर नेमके बोट ठेवील. म्हणून त्याच्या पुढचे लिहावे. नातवासमोर आजी लघवीच्या तक्रारीविषयी बोलेना, आणि परका दुभाष्या का हवा ते तेव्हा उमगले, असे ज्याला सांगता येते त्याला रुग्णाची लाज समजली आहे. त्याच न्यायाने आजीचे नाव किंवा आजाराचे सारे तपशील अर्जात देऊ नयेत, आणि लिहिण्यापूर्वी तिला विचारावे. हकिगत तिची आहे.

आनंदीबाई जोशींचे तान्हे मूल दहा दिवसांत गेले, हे आपल्याला ठाऊक आहे. १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेल्या पत्रात मात्र त्यांनी भर दिला तो आपल्या देशातील बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेत नाहीत, यावर. दुःख घरचे होते, पण अर्ज पुढच्या कामाचा होता.

जागा थोडी असते. २०२६ च्या प्रवेशापासून युकासने सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न ठेवले आहेत. तिन्ही मिळून ४००० अक्षरे, मोकळ्या जागा धरून. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे. घरची शुश्रूषा बसते ती शिक्षणाबाहेर काय तयारी केली, या तिसऱ्या प्रश्नात.

आता पैशाचे. हे विशेषतः सासूसासऱ्यांचे करून आता चाळिशीत नर्सिंगकडे वळू पाहणाऱ्या भगिनींसाठी. आठवड्याला किमान ३५ तास शुश्रूषा करणाऱ्यास मिळणारा केअरर्स अलाउन्स, आपले शिक्षण आठवड्याला २१ तास किंवा अधिक झाले की बंद होतो. न कळवता घेत राहिलात तर पैसे परत मागतात! (स्कॉटलंडमध्ये त्याच्या जागी केअरर सपोर्ट पेमेंट आले आहे, ते पूर्णवेळ विद्यार्थ्यांनाही मिळू शकते.) उलट इंग्लंडमध्ये नर्सिंग, मिडवाइफरी, फिजिओथेरपी अशा अभ्यासक्रमांच्या पात्र विद्यार्थ्यांना एन.एच.एस. लर्निंग सपोर्ट फंडातून वर्षाला ५००० पौंड मिळतात, ते फेडावे लागत नाहीत. १५ वर्षांखालील मूल सांभाळणाऱ्यास आणखी २००० पौंड मिळू शकतात. मात्र व्हिसावर सरकारी मदत न घेण्याची अट असेल तर केअरर्स अलाउन्स मागू नये, आणि विद्यार्थी म्हणून आपली पात्रताही आधी विद्यापीठाकडून तपासून घ्यावी.

डॉक्टरी आणि दंतवैद्यकाचे अर्ज युकासकडे १५ ऑक्टोबरपर्यंत पोचावे लागतात, नर्सिंगचे जानेवारीत. शाळा आपली तारीख त्याच्या बरीच आधी ठेवते, कारण शिक्षकांना रेफरन्स लिहायचा असतो. घरची जबाबदारी त्यांच्याही कानावर घालून ठेवावी.