थकवा मोजायचा कशाने?

कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढविण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५मध्ये मंजुरी दिली, तेव्हा सारी चर्चा झाली ती तासांची. तास मोजणे सोपे. हजेरीपत्रकावरून ते कळतात. बाराव्या तासाला यंत्रासमोर उभा असलेला कामगार किती थकला आहे, हे मात्र कोणत्याही नोंदवहीत उतरत नाही. ताप मोजण्यास तापमापक आहे, रक्तदाबासाठी यंत्र आहे. थकव्यासाठी असे एकही सर्वमान्य उपकरण आजवर तयार झालेले नाही.

प्रयत्न मात्र जुने आहेत. इटलीतील तुरिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'अर्गोग्राफ' हे यंत्र बनविले. हात जखडून ठेवायचा, मधल्या बोटाने दोरीला टांगलेले वजन पुन्हा पुन्हा उचलायचे आणि प्रत्येक वेळची उंची फिरत्या नळकांड्यावरील कागदावर उमटवायची. बोट थकले की आलेख घसरे. तासन् तास तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकाचे बोटही लवकर थकते, असे मोस्सो यांना आढळले. शिक्षकवर्गाला याचे नवल वाटणार नाही! पण बोटाचा थकवा म्हणजे माणसाचा थकवा नव्हे. ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड मुशिओ यांनी तर १९२१मध्ये थकव्याची चाचणी शोधण्याचा नादच सोडावा, असे सुचविले.

संशोधकांनी नाद सोडला नाही, वाट बदलली. थकवा मोजता येत नसेल, तर त्याचा परिणाम मोजावा, असा विचार पुढे आला. अमेरिकेत डेव्हिड डिंजेस आणि जॉन पॉवेल यांनी १९८५मध्ये मांडलेली चाचणी याच विचारावर उभी आहे. छोट्या खिडकीत आकडे झळकताच कळ दाबायची, एवढेच काम. दोन संकेतांमधले अंतर २ ते १० सेकंदांच्या दरम्यान कसेही बदलते आणि चाचणी १० मिनिटे चालते. प्रतिसादाला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागला, तर लक्ष सुटले असे धरतात. काम कंटाळवाणे आहे आणि नेमके तेच हवे असते. उत्साहाच्या भरात थकवा झाकता येत नाही.

या चाचणीने एक अस्वस्थ करणारी गोष्ट उघड केली. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४८ निरोगी व्यक्तींचे गट करून त्यांच्या झोपेचे तास ठरवून देण्यात आले. दोन आठवडे रोज ६ किंवा त्याहून कमी तास झोपलेल्यांचे लक्ष दिवसेंदिवस अधिक सुटत गेले. अखेरीस त्यांची अवस्था एक-दोन रात्री अखंड जागलेल्या माणसासारखी झाली. त्यांना स्वतःला मात्र आपण थोडेच पेंगुळलो आहोत, असे वाटत होते. रात्रपाळीच्या बसचालकाला 'जमेल ना?' असे विचारून मिळालेल्या होकारावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे आहे. सलग १७ तास जागे राहिल्यावर होणारी कार्यक्षमतेतील घट रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असतानाच्या घटीएवढी असते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७मध्ये दाखविले. आपल्याकडे वाहनचालकासाठी ही मर्यादा ०.०३ टक्के आहे. मद्याची तपासणी रस्त्यावर होते; जाग्रणाची होत नाही.

रुग्णांच्या बाबतीत गणित नेमके उलटे होते. कर्करोगाच्या उपचारानंतर किंवा मज्जासंस्थेच्या विकारात येणारा थकवा झोपेनेही जात नाही. हिमोग्लोबिन ठीक असते, इतर अहवालांतही फारसे काही नसते आणि घरचे म्हणतात, 'मनावर घेऊ नका.' येथे रुग्णाचे म्हणणे हेच प्रमाण मानावे लागते. १९८९मध्ये तयार झालेल्या एका प्रश्नावलीत ९ विधाने असून प्रत्येकास रुग्णाने १ ते ७ गुण द्यायचे असतात. कर्करुग्णांसाठीच्या दुसऱ्या प्रश्नावलीत १३ विधाने व कमाल ५२ गुण आहेत. गुण जितके कमी, तितका थकवा अधिक. मराठीत विचारताना मात्र काळजी हवी, कारण थकवा, अशक्तपणा, मरगळ आणि झोप येणे या चार वेगळ्या तक्रारी आहेत आणि बहुतेक रुग्ण त्या सर्वांना 'गळून गेल्यासारखे वाटते' असेच म्हणतात. या दुसऱ्या प्रश्नावलीत ३-४ गुणांचा फरकही रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण मानला जातो: कुणी स्वतः उठून आंघोळीला जाऊ लागते, तर कुणाला त्यासाठी पुन्हा आधार लागतो.