शंट आहे, मग तपासणी का नाही?

घाटकोपरला आमच्या शेजारच्या चाळीत एक तरुण राहतो. लहानपणी टीबीचा मेंदूज्वर होऊन त्याच्या डोक्यात पाणी साचले होते, तेव्हा डॉक्टरांनी शंट बसविला. मुलगा शिकला, नोकरीला लागला, लग्न झाले. घरच्यांना वाटले, आजार मिटला. सतरा वर्षे कोणी डॉक्टरांचे तोंड पाहिले नाही.

गेल्या पावसाळ्यात सकाळी उठताच डोके दुखू लागले, उलट्या झाल्या. कोणी म्हणाले पित्त, कोणी म्हणाले बाहेरचे. (आपल्या वस्तीत अजून असे बोलले जाते, याची लाज वाटते.) पाचव्या दिवशी तो गुंगीत गेला तेव्हा दवाखाना आठवला. नळी तुंबली होती. ऑपरेशन होऊन जीव वाचला, पण नजर अधू झाली.

मेंदूत रोज सुमारे अर्धा लीटर पाणी तयार होते. ते नीट जिरले नाही की दाब वाढतो. शंट म्हणजे कातडीखालून पोटापर्यंत नेलेली नळी, मध्ये एक व्हॉल्व्ह. १९५६ साली अमेरिकेत जॉन होल्टर या कारागिराने आपल्या आजारी मुलासाठी असा व्हॉल्व्ह घडविला. आज छाब्रा शंटसारखे देशी शंटही मिळतात. पण यंत्र ते यंत्रच. वीस वर्षांनीही बंद पडू शकते.

म्हणून बरे असतानाच मेंदूच्या सर्जनला दाखवावे. किती दिवसांनी, ते तेच सांगतील. साधारण वर्षातून एकदा. ते चालणे, स्मरण पाहतात, डोळ्याचा मागचा पडदा तपासतात. बरे असतानाचा एक स्कॅन हाताशी हवाच. काहींच्या मेंदूतील पोकळ्या कायम मोठ्या असतात, तर काहींच्या नळी तुंबली तरी वाढत नाहीत. जुना फोटो नसेल तर डॉक्टरांनी ताडून पाहायचे कशाशी? आमच्या या तरुणाचे कागद गळक्या छपराखाली भिजले म्हणून फेकून दिले होते. मी कारकून माणूस, मला तर हेच जास्त लागले.

खाडा पडतो, हे खरे. पण मुलुंड-घाटकोपरकरांना सायनचे रुग्णालय आणि अंधेरी-बोरिवलीकरांना मुंबई सेंट्रलचे नायर एका गाडीच्या अंतरावर आहे. ओपीडीचा वार केसपेपरच्या खिडकीवर आधी विचारून घ्यावा. ताप, नळीच्या वाटेवर लाली किंवा सूज, चालताना तोल जाणे, वाढती गुंगी यांपैकी काही दिसले तर मात्र ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत जावे.

शंटचे नाव, बाजू आणि ऑपरेशनची तारीख लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवावी. पोटाचे ऑपरेशन, बाळंतपण किंवा एमआरआय असेल तर ती आधी दाखवावी. काही शंटचा दाब चुंबकाने बदलतो. एमआरआयनंतर तो पुन्हा तपासून घ्यावा लागतो.